एका ग्रॅमात बारा गुंठे

मुळशी तालुक्यातल्या पौडमध्ये जमिनीचा भाव गुंठ्यावर चालतो. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, कडुलिंबाच्या वाळक्या पानांपासून केलेल्या कार्बनच्या एका ग्रॅमात बारा गुंठे जागा निघाली: सुमारे १,२३० चौरस मीटर. डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटाचं हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं. पानांची पूड हवेशिवाय तापवली की राख न होता कोळसा उरतो, अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेला. एरवी ही छिद्रं पाडायला वेगळी रसायनं लागतात. इथे पानातल्याच घटकांनी ते केलं, असा संशोधकांचा निष्कर्ष. हा कार्बन वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये वापरला की छिद्रांच्या भिंतींवर विद्युतभारित कण जमतात आणि सुपरकपॅसिटर झटपट चार्ज होतो. बॅटरीइतकी ऊर्जा मात्र त्यात मावत नाही.

‘मग याचा कोर्स कुठे असतो?’ पालकांचा पहिला प्रश्न हाच.

पदवीला तरी असा वेगळा कोर्स शोधत बसू नये. चकचकीत नावाचं सर्टिफिकेट कुणी विकत असेल तर पाकीट खिशातच राहू द्यावं. पाया हवा रसायनशास्त्राचा, भौतिकशास्त्राचा किंवा केमिकल इंजिनिअरिंगचा. बारावीनंतर आयसर या विज्ञान संस्थांची आयएटी परीक्षा किंवा एमएचटी-सीईटी, बी.एस्सी. केलेल्यांना पुढे एम.एस्सी.साठी ‘जॅम’, मग नेट किंवा गेट. नेट-जेआरएफ मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, तेवढ्यात शेजारचा मुलगा दोन नोकऱ्या बदलून मोकळा होतो. हे आधीच घरात बोललेलं बरं.

केवळ पालापाचोळ्याच्या कार्बनवर नोकऱ्या थोड्याच. कौशल्य मात्र बरंच दूर नेतं. सोडियम-आयन बॅटरीत लागणारा हार्ड कार्बन वनस्पतींच्या अवशेषांपासूनही करता येतो. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसरच्या साथीने विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान २०२३ मध्ये जाहीर केलं. पाणी शुद्ध करायलाही सच्छिद्र कार्बनच लागतो. पौडजवळच उरवड्याला प्राज कंपनीचं संशोधन केंद्र आहे. तिथला विषय जैवइंधनाचा, पण कच्चा माल शेतातलाच.

मुळशीच्या आंबेमोहोर भाताचं तूस घ्या. त्यात सिलिका भरपूर, ती धुऊन काढावी लागते. कडुलिंबाची कृती त्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. भट्टीचं तापमान थोडं बदलून तोच प्रयोग पुन्हा करायचा, नोंदी ठेवायच्या, हेच रोजचं काम. मुलाला याचा कंटाळा येतो का, हे बारावीच्या टक्क्यांवरून कळत नाही. प्रॅक्टिकलची वही उघडून बघावी.