बँकेनं घरी यायचं असतं

सासूबाईंचं खातं बंद पडलंय, पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतो पण पैसे निघत नाहीत, आणि आता त्यांना रिक्षात घालून शाखेत न्यायचं तुम्ही ठरवलंय, असं तू फोनवर म्हणालीस. बाळ, तेवढं करू नका. अर्धांगानं उजवी बाजू गेलेल्या बाईला दोघांनी धरून पायऱ्या चढवायच्या, बाकावर बसवून ठेवायचं आणि शेवटी 'साहेब मीटिंगला गेलेत' हे ऐकून परत आणायचं, हे मी नोकरीभर काउंटरच्या आतून पाहिलं. आता वॉकर घेऊन बाहेरच्या बाजूनं पाहतो. अशा खातेदाराकडे बँकेनं जायचं असतं, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लोकांना तो ठाऊक नसतो आणि शाखेतली नवी मुलं आपणहून सांगत नाहीत, कारण बरेचदा त्यांनाही ठाऊक नसतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी चौकशी कर. 'खातं ब्लॉक आहे' एवढ्या उत्तरावर परत येऊ नकोस. कशामुळे आणि कोणत्या तारखेपासून, हे विचार. एटीएमचा पिन तीनदा चुकला की कार्ड बंद होतं, पण खातं चालू असतं. हयातीचा दाखला गेला नाही की पेन्शन यायची थांबते. त्यातही खात्याला काही झालेलं नसतं आणि दाखला दिला की मागची थकबाकीही मिळते. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदारानं काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय ठरतं. बँकेनं आपणहून जमा केलेलं व्याज त्यात व्यवहार म्हणून धरत नाहीत. असं खातं पुन्हा सुरू करायला बँक एक पैसाही आकारू शकत नाही, आणि सगळी कागदपत्रं दिल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ते सुरू व्हायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे.

सासूबाईंची पेन्शन जमा होतेय पण काढता येत नाही, म्हणजे बहुधा केवायसी अडकलंय. मुदत झाली की केवायसी पुन्हा करावं लागतं: जास्त जोखमीच्या खात्याला दोन वर्षांनी, मध्यम जोखमीच्या आठ आणि कमी जोखमीच्या दहा वर्षांनी. पेन्शनवर जगणाऱ्या विधवा बाईचं खातं जास्त जोखमीत घातलं असेल तर का, ते विचार. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक म्हणजे मुदतीआधी तीनदा आणि मुदत उलटल्यावर तीनदा खातेदाराला कळवायचं, आणि दोन्ही वेळा त्यातलं निदान एक कळवणं पत्रानं हवं. त्या पत्रांच्या तारखा माग. दुसरी म्हणजे कमी जोखमीच्या वैयक्तिक खातेदाराचे व्यवहार मुदत उलटली तरी चालू ठेवायचे, आणि मुदतीपासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यातली जी तारीख नंतरची असेल तोवर केवायसी करून घ्यायचं. सासूबाई या सवलतीत बसत असतील तर पैसे अडवायलाच नको होते. औषधं थांबली आहेत हेही अर्जात लिही. शाखाधिकाऱ्याला निकड दिसली पाहिजे.

पत्ता, नाव काहीच बदललं नसेल तर 'माहितीत बदल नाही' एवढं स्वतःचं निवेदन पुरतं, आणि ते नोंदवलेल्या मोबाइलवरून, ईमेलनं किंवा साध्या पत्रानंही देता येतं. त्यासाठी मूळ शाखेतच जावं लागतं असं नाही, त्याच बँकेची कुठलीही शाखा चालते.

ठशांची रड जवळपास प्रत्येक घरात आहे. जन्मभर भांडी घासलेल्या, शेण-माती हाताळलेल्या बोटांवर रेघा उरत नाहीत आणि यंत्र 'जुळत नाही' म्हणतं. मग काउंटरवरचा मुलगा मान हलवतो. त्याला शांतपणे सांग की आजारपण, इजा किंवा म्हातारपण यांमुळे सरकारी अनुदान घेणाऱ्याची बायोमेट्रिक ओळख पटत नसेल, तर आधारची ऑफलाइन पडताळणी करून किंवा मतदार ओळखपत्रासारख्या दुसऱ्या अधिकृत कागदाची प्रमाणित प्रत घेऊन काम करायचं, हे केवायसीच्या नियमांतच लिहिलंय. व्हिडिओ केवायसीत 'डोळे मिचकावा' असं सांगतात. अर्धा चेहरा ज्याचा ऐकत नाही त्यानं काय करायचं? ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन वकील हाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि अपंगांना जमेल अशी केवायसीची पद्धत द्यायलाच हवी. त्या लोकांचे आपल्यावर उपकार आहेत.

आता घरी बोलावण्याचं. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलं की सत्तरीच्या पुढचे खातेदार, आणि वय काहीही असो, अपंग किंवा डॉक्टरी दाखला असलेले दीर्घ आजारी खातेदार, यांना मूलभूत सेवा घरी द्या. त्यात पैसे आणि चेक घरून नेणं, खात्यातून काढलेली रोकड घरी आणून देणं, डिमांड ड्राफ्ट पोचवणं, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरी येऊन घेणं हे सगळं येतं. काही बँका त्याचं शुल्क घेतात, ते आधी विचारून घे. सासूबाई वयानंही बसतात आणि आजारानंही, तेव्हा दोन्ही कारणं लिही. यूडीआयडी कार्ड असेल तर त्याची प्रत जोड, नसेल तर फॅमिली डॉक्टरचं पत्र जोड. यूडीआयडी अपंगत्वाचा पुरावा आहे, केवायसीचा नाही. लोक ते एकच कार्ड घेऊन जातात आणि हेलपाटा पडतो.

अर्ज त्यांच्या नावानं, त्यांच्या अंगठ्यानिशी जाऊ दे, तुझ्या सहीनं नको. मजकूर साधा ठेव: 'माझे वय ७८ वर्षे असून पक्षाघातामुळे मला शाखेत येणे शक्य नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. माझ्या बचत खात्यावरील व्यवहार कोणत्या कारणाने व कोणत्या तारखेपासून थांबवले आहेत ते लेखी कळवावे. ज्येष्ठ व अपंग खातेदारांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार केवायसीची कागदपत्रे माझ्या घरी येऊन स्वीकारावीत आणि अंगठ्याच्या ठशावर खाते चालवण्याची सोय करून द्यावी.' दोन प्रती काढ. दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नकोस. पोच देत नाहीत असं दिसलं तर वाद घालत बसू नकोस. तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठव, पावती जप.

अंगठ्याचं नीट समजून घे, कारण सगळ्यात जास्त अडवणूक इथेच होते. पक्षाघातानंतर सही जुळत नाही आणि चेक परत येतो. डाव्या हातानं काढलेली सही तर बँकेच्या नमुन्याशी कधीच जुळायची नाही. अशा वेळी चेकवर किंवा पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा चालतो. हाताचा उठत नसेल तर पायाचाही चालतो. त्याला दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, बँकेला माहीत असलेले, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही उमटवता येत नसेल तर कसलीही खूण चालते, साक्षीदारांची अट तीच. पैसे कोण नेणार हे खातेदारानं सांगायचं. त्या माणसाची ओळखही दोन साक्षीदारांनी पटवायची आणि त्यानं बँकेला सही द्यायची. दोन्ही हात गमावलेला माणूसही याच आधारावर खातं उघडू शकतो.

या कामासाठी मी दवाखान्याच्या वॉर्डातही गेलो आहे, म्हणून एक सांगून ठेवतो. आलेला अधिकारी सासूबाईंना तुम्हा सगळ्यांना बाजूला करून विचारेल, 'आजी, पैसे काढायचेत का? किती? कोणाकडे देऊ?' त्याचा राग मानू नकोस. सांभाळणाऱ्या माणसाला ते लागतं हे मला कळतं, पण म्हाताऱ्या माणसाच्या बोटाला शाई लावून पैसे उचलणारे नातेवाईकही असतात आणि त्यांच्यापासून राखायला एवढा एकच प्रश्न बँकेच्या हाती असतो. त्यांचं बोलणं अडखळतं, पण त्यांना समजतं सगळं. त्यांना वेळ लागला तरी उत्तर त्यांनाच देऊ दे, तू पुरं करू नकोस.

म्हणूनच त्यांचं एटीएम कार्ड आणि पिन घरातल्या कुणी वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोयीचं वाटतं, सगळेच करतात. पण पुढे रकमेवरून भावाभावांत वाकडं आलं की तुझ्याकडे दाखवायला कागद नसतो, आणि बँकही 'पिन तुम्हीच दिला' म्हणून हात झटकते. त्यापेक्षा खातं सुरू झालं की त्यांच्या इच्छेनं तुझ्या नवऱ्याचं नाव दुसरं लावून 'कोणीही एक किंवा हयात' असं संयुक्त करता येईल का ते विचार. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या खात्याला बँक काही अटी सांगेल. ते जमत नसेल तर खातं चालवण्याचं लेखी अधिकारपत्र द्यायचं. मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान असेपर्यंतच चालतं. स्मृतिभ्रंश झाला किंवा माणूस कोमात गेला की ते टिकत नाही आणि पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं. आत्ता त्या शुद्धीत आहेत, तोवर हे उरकून घ्या. वारसनोंदही पाहून घे. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात.

तुझ्या जावेच्या वडिलांना दिसत नाही म्हणून चेकबुक नाकारलं होतं, तेही याच जातीचं प्रकरण. दृष्टिहीन माणूस करार करायला कायद्यानं समर्थ आहे आणि चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग काहीही त्याला नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २००८ मध्येच बँकांना कळवलंय. त्यांनाही सांग.

केवायसीऐवजी 'पोलिसांनी होल्ड लावलाय' असं उत्तर आलं तर घाबरू नका. बरेचदा घरातल्या एखाद्या नातवानं आजीच्या खात्यावर यूपीआय घेतलेलं असतं, कुणाकडून तरी चारशे-पाचशे येतात, आणि ते पैसे मागे कुठल्या तरी सायबर फसवणुकीतून फिरलेले निघतात. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि वादातली रक्कम लेखी घे. मग त्या ठाण्याला आणि बँकेला, दोघांनाही लिही की वादातल्या रकमेपुरतंच अडवा, पेन्शनचे पैसे मोकळे करा. सोबत पासबुकाची प्रत जोड, म्हणजे दर महिन्याला पेन्शनशिवाय काही येत नाही हे त्यांना दिसेल.

खातं बंद आहे हे बाहेर फार बोलू नका. 'केवायसी संपलंय, आज रात्री खातं बंद होईल' असा फोन किंवा लिंक आली, कुणी ॲप डाउनलोड करायला सांगितलं, तर ती बँक नाही, कितीही गोड मराठी बोलू दे. सासूबाईंचा फोन त्यांच्या उशाशी असतो, त्यामुळे हे त्यांना दोन-चारदा सांग. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावायचा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात जातात.

अर्ज देऊन तीस दिवस झाले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ वर मराठीतही माहिती मिळते. तक्रार ऑनलाइन करता येते, नाहीतर साध्या पोस्टानं रिझर्व्ह बँकेच्या सेक्टर १७, चंदीगड इथल्या तक्रार केंद्राला पाठवता येते. बँकेला दिलेल्या अर्जाची पोच तिथे लागते, म्हणून मघाशी शिक्क्याचा एवढा आग्रह धरला. एक फरक लक्षात ठेव. त्यांची मुदतठेव पतसंस्थेत आहे असं तू म्हणाली होतीस. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाही, तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधकाकडे जाते.

नोव्हेंबरचा हयातीचा दाखलाही घरूनच द्या. पोस्टमन घरी येऊन सत्तर रुपयांत डिजिटल दाखला काढतो, आणि ठसा उमटला नाही तर मोबाइलवर चेहऱ्यावरूनही निघतो. ऐंशी पूर्ण झाली की १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

सोमवारी अर्ज देऊन ये. पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठव. शाखाधिकारी काय लिहितो ते पाहून पुढचं पत्र मी सांगेन तसं तू लिही, आणि सासूबाईंना वाचून दाखवून त्यांचा अंगठा घे.