आपला विश्वास व इतरांची साक्ष

वाचन : योहान ४:२८–४२, रोम १:११–१२, २ तीमथ्य १:५

विश्वास हे देवाचे दान आहे, हे आपण सर्व जण मानतो. तथापि हे दान देव बहुधा कोणातरी मनुष्याच्या हातून पाठवितो. तीमथ्याच्या ठायी जो विश्वास होता तो आधी त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांच्या ठायी होता, ह्याची पौल त्यास आठवण देतो. इतरांच्या योगे आपला विश्वास कसा जागा होतो, कसा खोल जातो, आणि ह्यात कोणता धोका आहे, हे आज आपण पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून पाहू.

१. इतरांच्या वर्तनाने विश्वास जागा होतो. रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. आईने त्यांस संस्कृत शिकविले आणि पुढे त्यांच्या विद्वत्तेमुळे त्यांस पंडिता ही पदवी मिळाली. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. ह्या भगिनींनी त्यांस लंडनमधील फुलम येथील आपले काम दाखविले. ज्या स्त्रियांस जगाने पतित म्हणून टाकून दिले होते, त्यांस तेथे आश्रय मिळत असे. त्यांतील कित्येकींचे जीवन इतके पालटले होते की, आता त्या स्वतः इतर दुःखितांची सेवा करीत होत्या. हे पाहून रमाबाईंस मोठे आश्चर्य वाटले. अशा स्त्रियांची काळजी वाहावी असे ख्रिस्ती लोकांस का वाटते, असे त्यांनी एका भगिनीस विचारले. तेव्हा तिने वादविवाद केला नाही. प्रभु येशू व शोमरोनी स्त्री ह्यांची गोष्ट तिने त्यांस वाचून दाखविली. रमाबाईंच्या बुद्धीस असलेल्या शंका दूर करण्यास नीळकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांची पत्रे उपयोगी पडली. हे शास्त्रीबुवा काशीस वाढलेले महाराष्ट्रीय ब्राह्मण असून १८४८ साली ख्रिस्ती झाले होते. त्याच वर्षी, म्हणजे १८८३ च्या सप्टेंबरात, रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. एकीने सेवा दाखविली, दुसऱ्याने पत्रे लिहिली. दोघांच्याही कामाची देवास गरज होती.

२. इतरांच्या चरित्राने विश्वास खोल जातो. बाप्तिस्म्याने रमाबाईंचा प्रवास संपला नाही. ख्रिस्ती धर्म आपणांस मिळाला, परंतु ख्रिस्त स्वतः मिळाला नाही, असे त्यांस बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य पाळक होऊन उपदेश करीत होता, तरी त्याचे स्वतःचे मन पालटले नव्हते. ते पुढे पालटले. ह्या पुस्तकाने रमाबाईंस आपल्या अंतःकरणाची परीक्षा करावयास लाविले.

पुढे ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर ह्यांचे चरित्र त्यांनी वाचले. मनुष्यांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेवून म्युलरांनी आपल्या हयातीत दहा हजारांहून अधिक अनाथ मुलांचा सांभाळ केला. असे आपल्या देशातही का घडू नये, असा प्रश्न रमाबाईंच्या मनात आला. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व विधवा त्यांनी आणल्या, आणि केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार जीव राहात होते.

आता म्युलरांस हे कोठून मिळाले? जर्मनीत हाले येथे विद्यार्थी असताना त्यांचे वर्तन वाईट होते. १८२५ साली एका घरी काही साधी माणसे प्रार्थनेसाठी जमली होती, तेथे ते गेले. त्यांतील एक जण गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. असे कोणास करताना म्युलरांनी पूर्वी पाहिले नव्हते. त्या रात्री त्यांचे मन वळले. पुढे फ्रांके ह्यांच्या चरित्राने त्यांस अनाथगृह काढण्याचे धैर्य दिले. त्याच फ्रांक्यांच्या हालेतून शिकून झीगेनबाल्ग १७०६ साली तामीळ देशातील तरंगंबाडीस सुवार्ता सांगण्यास आले होते. पाहा, हालेतील एका घरी गुडघे टेकणाऱ्या मनुष्यास केडगावची गोष्ट कधी स्वप्नातही दिसली नसेल!

३. देणाऱ्यासही मिळते. आपण रोमकरांस विश्वासाचा लाभ देऊ एवढेच पौल म्हणत नाही. त्यांच्या विश्वासाने आपणांसही धीर मिळेल, असे तो लिहितो. उपदेशक बंधूंनी हे विसरू नये. फुलम येथे रमाबाईंच्या मनास स्पर्श झाला तो विद्वानांच्या व्याख्यानाने नव्हे, तर वाचविलेल्या स्त्रियांच्या जीवनाने.

शहाद्याजवळील पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याचे गाव. ह्या परिसरातील मंडळ्यांस ऊसतोडणीचा हंगाम ठाऊक आहे. नंदुरबार जिल्ह्यातील पुष्कळ आदिवासी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन गुजरातेत व पश्चिम महाराष्ट्रात कोयत्यावर जातात. पाच-सहा महिने त्यांस ना मंदिर, ना उपदेशक. पहाटेच्या अंधारात फडात जावयाचे, रात्री कोपीवर परतावयाचे, अंग दुखत असावयाचे. अशा वेळी विश्वास टिकतो तो बहुधा शेजारच्या कोपीतील एखाद्या बहिणीमुळे, जी थकली असताही लेकरांस जवळ घेऊन दोन शब्द प्रार्थना करते. तिला वाचता येत नसेल. परंतु म्युलरांनी पाहिलेला मनुष्यही केवळ गुडघेच टेकत होता. तेव्हा कुटुंबे निघण्यापूर्वी मंडळीने त्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी. एका टोळीत जाणाऱ्या दोन घरांस एकमेकांचा भार सोपवावा. आणि ती परतली म्हणजे उपदेशकाने आधी त्यांचे ऐकावे. प्रभूने फडात कसे सांभाळले हे ते सांगतील, तेव्हा घरी राहिलेल्यांचा विश्वास वाढेल.

४. तथापि सावध असावे. पुष्कळांचा विश्वास मनुष्याच्या खांद्यावर उभा असतो. उपदेशकाची बदली झाली किंवा वडिलांमध्ये तंटा झाला की, त्यांचे मंदिरात येणे बंद होते. वेल मांडवावर चढतो हे योग्य. पण त्याचे मूळ मातीत नसेल तर मांडव त्यास जगवू शकत नाही. सूखारचे लोक शोमरोनी स्त्रीच्या शब्दावरून आले, परंतु दोन दिवस प्रभूचे ऐकल्यावर त्यांनी तिला सांगितले की, आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः ऐकून विश्वास ठेवतो. त्या स्त्रीस ह्याचे वाईट वाटले असेल काय? नाही, तिचे काम तेव्हाच पूर्ण झाले. रमाबाईंनीही आयुष्याची अखेरची अनेक वर्षे साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात घालविली व ते काम पुरे करून १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. आपल्यानंतर साध्या बायांनी प्रभूचे शब्द स्वतः वाचावे, हीच त्यांची इच्छा होती.

विचारासाठी प्रश्न

१. माझा विश्वास प्रथम कोणामुळे जागा झाला? त्या मनुष्याचे मी कधी आभार मानले आहेत काय?
२. तो मनुष्य उद्या दूर गेला किंवा चुकला, तर माझा विश्वास टिकेल काय?
३. माझ्या घरातील लेकरांनी मला गुडघे टेकलेले पाहिले आहे काय?
४. ह्या हंगामात आपल्या मंडळीतून कोणती कुटुंबे बाहेर जाणार आहेत, आणि त्यांची आठवण कोण ठेवणार?