कपबशी उचलणारेच मालक झाले : इंडियन कॉफी हाऊसपासून घ्यावयाचे धडे



उसाचे बिल हातात पडले की आपल्या घरांतून एक बोलणे हमखास निघते. "दोघां भावांना शेती पुरत नाही. धाकट्याला रोडवर एखादं हॉटेल टाकून देऊ." कोहमारा, देवरी, आमगाव, तिरोडा, कुठल्याही चौकात पाहा, चहा-पोह्याचे एखादे नवे दुकान दिसतेच. त्यांतील काही चांगली चालतात. काहींची ताडपत्री वर्षाच्या आतच गुंडाळली जाते, आणि तिच्याबरोबर उसाचा पैसाही जातो. असे का होते, हे समजून घेण्यासाठी एका जुन्या आणि मोठ्या उपाहारगृहाची हकिकत या पाठात पाहू. तेही आपल्यासारखेच सहकारी आहे.

हकिकत

आपल्यापैकी जे नागपूरला, किंवा हावडा लाईनने भिलाई-रायपूरला गेले असतील, त्यांनी इंडियन कॉफी हाऊस पाहिले असेल. पांढरा पोशाख, डोक्यावर तुऱ्याची पगडी घातलेले वाढपी, आणि साध्या माणसाला परवडेल असा दर. त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, मुंबईला चर्चगेट येथे १९३६ साली झाली. त्या काळात कॉफीचा माल परदेशी पाठवून उठाव होईना, आणि देशात कॉफी पिणारे थोडे. तेव्हा कॉफी सेस कमिटीने ठरविले की, लोकांना कॉफीची सवय लावायची तर आपणच दुकान उघडले पाहिजे. पुढे हे काम कॉफी बोर्डाकडे आले, आणि १९४० नंतरच्या दशकात अशी सुमारे ५० कॉफी हाऊस देशभर झाली.

१९५० नंतर मात्र धोरण बदलले. बोर्डाने कॉफी हाऊस बंद करावयास घेतली आणि कामगारांवर घरी बसण्याची पाळी आली. तेव्हा खासदार ए. के. गोपालन यांनी कामगारांची बाजू घेतली आणि पंतप्रधान पंडित नेहरूंपर्यंत विषय नेला. मागणी अशी की, तुम्हाला चालवायची नसतील तर ही दुकाने कामगारांच्या हाती द्या, ते सहकारी संस्था काढून चालवतील. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगलोरला पहिली संस्था निघाली. २७ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीत कामगारांच्या मालकीचे पहिले कॉफी हाऊस सुरू झाले. केरळात एन. एस. परमेश्वरन पिल्लै या कामगार कार्यकर्त्याने पुढाकार घेतला, आणि ८ मार्च १९५८ ला त्रिचूरचे कॉफी हाऊस उघडले. त्याच सुमारास नागपूर, जबलपूर, पुणे, मुंबई, कलकत्ता अशा ठिकाणीही संस्था उभ्या राहिल्या.

ध्यानात घ्या, हा आपल्या चळवळीचाच काळ आहे. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने शेतकऱ्यांचा कारखाना १९५० साली सुरू झाला होता. तिकडे ऊस पिकविणारा मालक झाला, इकडे कपबशी उचलणारा. या संस्थांचा कारभार कामगारांतूनच निवडून आलेली समिती पाहते.

धडा पहिला : आधी काम, मग गल्ला

कॉफी हाऊसच्या कामगारांजवळ मोठे भांडवलदार नव्हते. पण कॉफी किती उकळायची, एका शेगडीवर किती कप निघतात, गर्दी कोणत्या वेळेला होते, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या कामाने ठाऊक होते. आपल्याकडे उलटे होते. आधी शेड, खुर्च्या, रंगीत पाटी, आणि मग आचारी शोधायचा. तो आचारी रुसून गेला की दुकान बंद! म्हणून मुलाला दुकान काढून देण्याआधी सहा महिने दुसऱ्याच्या हॉटेलात कामाला ठेवा. भांडी घासू द्या, पीठ मळू द्या. त्यात कमीपणा कसला? नांगर न धरलेल्याला आपण शेतीतला शहाणा म्हणतो काय?

धडा दुसरा : जिन्नस थोडे, चव तीच

कॉफी, कटलेट, आम्लेट, डोसा अशा ठरलेल्या पदार्थांवर कॉफी हाऊसचा धंदा उभा राहिला. केरळातले बिटाचे कटलेट तर त्यांची ओळखच झाली. गिऱ्हाईक परत येते ते कालची चव आज मिळते म्हणून. पाटीवर ४० पदार्थ लिहिले तर ४० पदार्थांचा माल भरावा लागतो, आणि न खपलेला नासतो. आपल्या रस्त्यावर तर्री-पोहे, आलूबोंडा आणि चांगला चहा एवढे तीनच जिन्नस नेमाने दिले तरी पुष्कळ झाले. उन्हाळ्यात जोडीला रसाचा चरक ठेवता येतो; ऊस तर घरचाच आहे. मात्र त्या उसाचाही भाव हिशेबात धरा.

धडा तिसरा : रोजमेळ

उसाचा पैसा वर्षातून एकदा, हप्त्याहप्त्याने येतो. हॉटेलचा पैसा रोज येतो, आणि घोटाळा इथेच होतो. गल्ला भरलेला दिसला की माणसाला तो नफाच वाटतो.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, पोह्याची प्लेट ३० रुपये आणि दिवसाला १०० प्लेटा जातात. विक्री ३,००० रुपये. कच्चा माल १,३५०, गॅस २५०, दोन माणसांची मजुरी ९००, जागाभाडे २००, दिवाबत्ती-पाणी १००, फूटतूट-नासधूस १००. एकूण खर्च २,९००. उरले १०० रुपये, आणि त्यात मालकाची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. आता १०० प्लेटांपैकी ५ प्लेटा "अरे, आपलाच माणूस आहे" म्हणून फुकट गेल्या. विक्री २,८५० झाली, खर्च तोच २,९००. दिवसाला ५० रुपये तोटा! गल्ल्यात मात्र रात्री २,८५० रुपये खुळखुळताहेत.

म्हणून रोज रात्री रोजमेळ लिहा. मालकाने आणि त्याच्या घरच्यांनी खाल्लेली प्लेटसुद्धा वहीत मांडा. उधारीची वही वेगळी ठेवा आणि तिला मर्यादा घाला.

धडा चौथा : जागा आणि बैठक

कॉफी हाऊसला ठेचाही लागल्या. बंगलोरच्या महात्मा गांधी रस्त्यावरचे त्यांचे नावाजलेले कॉफी हाऊस भाड्याच्या जागेत होते. जागेच्या वादात ते २००९ साली सोडावे लागले आणि चर्च स्ट्रीटवर नवे बस्तान बसवावे लागले. अर्धे शतक जमवलेले नाव एका भाडेकरारावर टांगलेले होते. आपण रस्त्याकाठी दुकान टाकतो तेव्हा जागा कोणाची, करार किती वर्षांचा, रस्ता रुंद झाला तर काय, हे आधी विचारा. तोंडी बोलीवर पैसा घालू नका.

दुसरी अडचण बैठकीची. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवर मंडळी एका कपावर तासन्‌तास गप्पा करतात. त्यामुळे कीर्ती वाढली, पण खुर्ची अडून राहते. १९५८ साली ते कॉफी हाऊस बंद झाले तेव्हा प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज केला, आणि त्याच वर्षी ते पुन्हा उघडले. असे प्रेम मिळणे भाग्याचे. तरीपण प्रेमावर मजुरी भागत नाही. रायपूर रोडवरचा ट्रकवाला दहा मिनिटांत उठतो, गावातला मित्र दोन तास बसतो. दुकान कोणासाठी काढले, ते आधीच ठरवा.

सभासदांना सांगणे

या चारही धड्यांचे मूळ एकच. मालकी कागदावर मिळते, पण टिकते ती कामात हात आणि हिशेबात डोळा असला तरच. कॉफी हाऊसचा वाढपी मालक झाला म्हणून त्याने ट्रे खाली ठेवला नाही. आपल्या कारखान्याचेही तेच आहे. शेअरची पावती पेटीत ठेवली आणि वार्षिक सभेला पाठ फिरवली, तर आपण नावाचेच मालक. विदर्भातले कितीतरी सहकारी साखर कारखाने बंद पडले, काही विकले गेले. प्रत्येकाची कारणे वेगळी असतील, पण हिशेब विचारणारा सभासद जिथे जागा असतो तिथे दुखणे लवकर कळते. उतारा किती पडला, तोडणी-वाहतुकीला काय लागले, कर्जाचे व्याज किती गेले, हा आपला रोजमेळ आहे. तो विचारण्यात संकोच कसला?

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या पाच वर्षांत किती हॉटेले निघाली, किती बंद पडली? कारण काय?
२. वरील उदाहरणात मालकाची मजुरी दिवसाला ४०० रुपये धरली तर किती प्लेटा विकाव्या लागतील? जास्तीच्या प्लेटेमागे फक्त कच्चा माल १३ रुपये ५० पैसे वाढतो असे धरा.
३. मागील वार्षिक सभेच्या अहवालातील कोणता आकडा आपल्याला समजला नाही? तो पुढील सभेत लेखी विचारा.