गाडीतील लॅपटॉप व विजेचा हिशेब

आज वहीखाते, बिले आणि ई-वे बिल हे सारे लॅपटॉपमध्ये आले आहे. मालेगाव-भिवंडीहून सुरतेस किंवा हैदराबादेस नमुने घेऊन निघणारा कापडवाला लॅपटॉपही सोबत घेतो. परंतु त्यास गाडीत वीज कशी द्यावी, याची माहिती फार थोड्यांना असते. आम्हालाही नव्हती, आणि त्यात आमचा एक सौदा गेला.

धुळे-साक्रीमार्गे आम्ही सुरतेस निघालो होतो. नवापूरजवळ जेवणास थांबलो. इंजिन बंद होते, पण इन्व्हर्टर जोडलेला होता. दोन तास आम्ही उधारीचा हिशेब करीत बसलो. निघताना चावी फिरवली तर गाडी हूं की चूं करीना! मेकॅनिक मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. सुरतेस पोहोचलो तेव्हा त्या व्यापाऱ्याने माल दुसऱ्याकडून उचलला होता.

चूक कुठे झाली? हिशेब सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे वॅट. आमच्या अ‍ॅडाप्टरवर 19.5 व्होल्ट, 3.33 अँपियर लिहिले आहे, म्हणजे 65 वॅट. इन्व्हर्टर गाडीच्या 12 व्होल्टचे 230 करतो, अ‍ॅडाप्टर ते पुन्हा 19.5 वर आणतो. या उलटसुलट व्यवहारात दलाली जाते. ती धरून 75 वॅटच्या आसपास, म्हणजे बॅटरीतून सहा अँपियरहून अधिक ओढले जातात. दोन तासांत बारा-तेरा अँपियर-तास गेले. लहान गाडीची बॅटरी साधारण 35 अँपियर-तासाची असते, त्यात आमची जुनी. मग स्टार्टरला जोर कोठून मिळणार? म्हणून पहिला नियम : इंजिन चालू असेल तेव्हाच चार्जिंग करावे.

दुसरी गोष्ट सॉकेटची. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 ते 20 अँपियरचा असतो. दहाचा असेल तर 120 वॅट ही हद्द झाली. इन्व्हर्टरवर 300 वॅट लिहिले असले तरी सॉकेटमधून तेवढे ओढू नये. फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज बसवणे म्हणजे वायर जाळणे होय.

तिसरी गोष्ट खरेदीची. आपल्या लॅपटॉपचे चार्जिंग टाइप-सी पिनने होत असेल तर इन्व्हर्टरची गरजच नाही. 'पी.डी.' लिहिलेला कार चार्जर घ्यावा. तो थेट 20 व्होल्टपर्यंत देतो व दलाली कमी जाते. मात्र डब्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. तो पुष्कळदा सर्व पोर्ट मिळून असतो. एकाच पोर्टवर किती वॅट मिळतात ते वाचावे. 60 वॅटच्या वर हवे असतील तर केबलही 5 अँपियरची लागते. गोल पिनचा लॅपटॉप असेल तर कार अ‍ॅडाप्टरचे व्होल्ट व पिन तंतोतंत जुळली पाहिजे. अँपियर जास्त असले तरी चालतात, कमी असून चालत नाहीत.

मालासोबत ट्रकमध्ये बसणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. मोठ्या ट्रकला 24 व्होल्ट असतात. फक्त 12 व्होल्टचा इन्व्हर्टर तेथे लावला तर तो जळेल.

आणखी एक. इन्व्हर्टर तापतो. तो ताग्यांखाली किंवा नमुन्यांच्या गाठोड्यात दाबून ठेवू नये, सिंथेटिक कापड तर उष्णतेने वितळते. तसेच भर उन्हात बंद गाडीत लॅपटॉप सोडू नये, त्याच्या बॅटरीचे आयुष्य घटते.

कापड घेताना आपण तार मोजतो, वजन पाहतो. तीच नजर या वस्तूवरही टाकावी. निघण्यापूर्वी घरीच लॅपटॉप पूर्ण चार्ज करावा, आणि ढाब्यावर उतरताना चावीबरोबर प्लगही काढावा. ही दोन कामे आम्ही त्या दिवशी केली असती तर सौदा आमचा होता.