सुईण, डूला आणि सोबतीण

‘डूला म्हणजे शहरातील सुईणच ना?’ असे वाशी परिसरात आम्हांस विचारले जाते. सुईण प्रसूती करविते. डूला केवळ जवळ राहून धीर देते, कंबर चोळते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, अनेकदा प्रसूत झालेल्या प्रेमळ स्त्रिया आसन्नप्रसवेपाशी असाव्यात, असे सांगितले आहे. आवी नसता प्रवाहण करू नये, हेही तिला त्यांनीच समजवावयाचे. केंद्र शासनाने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतिसमयी सोबतीणीस मुभा दिली, तीतही स्वतः प्रसूती अनुभवलेली स्त्री अपेक्षिली. चरकोक्तीच जणू! तरीही घरची सोबतीण अनेकदा दाराबाहेरच ताटकळते. म्हणून गर्भिणी चिकित्सालयात वा औषधालयात येताच ‘सोबत कोण?’ हे विचारावे. रक्तस्राव दिसल्यास मात्र सोबतीणीवर विसंबू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे.