गरोदरपणातील मधुमेह : कृश मातेचीही तपासणी आवश्यक

गर्भारपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे मातेच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून हा भार पेलते; ज्यांना ते साधत नाही, त्यांच्या रक्तातील साखर वाढते.

हा धोका सर्व वंशांच्या स्त्रियांत सारखा नाही. युरोपीय स्त्रियांच्या तुलनेने दक्षिण आशियाई स्त्रियांत तो अधिक असून कमी वजनावरही संभवतो. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासाने यावर प्रकाश टाकला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. तथापि वजनाच्या मानाने आपल्या बालकांत चरबी अधिक व स्नायू कमी आढळले. साखरेचा मोठा वाटा स्नायूच वापरतात.

तात्पर्य, सडपातळ बांधा हे निर्धोकतेचे लक्षण नव्हे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची चाचणी पहिल्या भेटीत व पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान व्हावयास हवी. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. पाण्यातून ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास प्रथम आहारनियमन व जरूर पडल्यास औषधोपचार केले जातात. दुसऱ्या चाचणीस एकही गर्भवती मुकणार नाही, याची दक्षता गावानेच घ्यावयाची आहे.