स्मृतिलेखनातील पुरुषयोजना : ‘मी’ की ‘तो’?

स्वतःच्या आठवणी लिहावयास बसलेल्या लेखकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवेदकाचा. ‘मी’ म्हणून बोलावे, की स्वतःलाच ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणून दूर उभे करावे? प्रथमपुरुषाने जिव्हाळा साधतो आणि तृतीयपुरुषाने तटस्थता, असे या प्रश्नाचे ठरीव उत्तर आहे. ते अपुरे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (चार भाग) प्रथमपुरुषी आहेत. तरीही स्वतःच्या फजितीकडे लक्ष्मीबाई ज्या मोकळ्या, हसऱ्या नजरेने पाहतात, ती तटस्थतेचीच नजर आहे. म्हणजे तटस्थता केवळ सर्वनामावर अवलंबून नसते. मग पुरुष बदलल्याने नेमके काय बदलते?

१

उत्तराचा काही भाग व्याकरणात सापडतो. मराठीत बहुतेक सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळी रूपावर कर्ता ‘मी’ आहे की ‘तो’ याची खूण उमटत नाही : ‘मी पत्र लिहिले’, ‘त्याने पत्र लिहिले’. बंगालीत याच ठिकाणी ‘लिखलाम’ आणि ‘लिखल’ असा भेद करावा लागतो. अकर्मक क्रियापदांत मात्र ‘मी गेलो’, ‘मी गेले’, ‘तो गेला’ अशी पुरुषाची व लिंगाची खूण राहते. तरीही केवळ घडलेल्या गोष्टींचे वर्णन असेल, तर मराठी उतारा ‘मी’वरून ‘तो’वर नेणे फारसे अवघड नाही.

अडचण येते ती स्मरणाच्याच क्रियापदांपाशी. ‘विसरणे’ हे सकर्मक असूनही कर्त्याला सोडत नाही : ‘मी ते नाव विसरलो’. ‘आठवणे’ मात्र ‘मला ते नाव आठवले’ अशा रचनेत येते. येथे माणूस चतुर्थीत जातो आणि आठवलेली वस्तू कर्ता होते. जणू विसरण्याचा दोष आपला. आठवण मात्र आपण होऊन येते. हिंदीतील ‘मुझे याद आया’ आणि बंगालीतील ‘आमार मने पडे’ या रचनांतही माणूस असाच कर्तेपणापासून दूर सरकलेला दिसतो.

आता ‘मला आठवते’ याचे ‘त्याला आठवते’ करून पाहावे. ‘मला आठवते’ या शब्दांत आज लिहीत बसलेला माणूस वाचकासमोर असतो. ‘त्याला आठवते’ म्हणताच ती आठवण कथेतील पात्राची होते आणि लिहिणारा माणूस दिसेनासा होतो. पुढील वाक्य घ्या : ‘तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन; वडील दारात उभे होते, की तेही मला नंतर कोणी सांगितले, कोण जाणे.’ तृतीयपुरुषात या शंकेला धनी उरत नाही. मग लेखक ती काढून टाकतो : ‘तो सात वर्षांचा होता. वडील दारात उभे होते.’ वाक्य नेटके झाले. पण जे अनिश्चित होते ते निश्चित म्हणून सांगितले गेले. शंका घेण्याचा अधिकार हे प्रथमपुरुषाचे खरे बळ आहे.

२

तरीही तृतीयपुरुषाची ओढ खोटी नसते. अपमान, दारिद्र्य, आईवडिलांचे उघडे पडलेले जिणे यांविषयी ‘मी’ म्हणून लिहिणे म्हणजे ते पुन्हा भोगणे. दूर उभे राहिल्यावाचून काही गोष्टी उच्चारताच येत नाहीत. उलट ‘तो’ म्हटल्याने वाचकाला ती साक्ष कल्पित मानण्याची पळवाट मिळते. ही कोंडी मराठीतील दोन लेखकांनी श्रोता निर्माण करून फोडली आहे.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पांडुरंग सदाशिव साने यांनी स्वतःला ‘श्याम’ हे नाव दिले. आश्रमाचे बाह्य निवेदन तृतीयपुरुषी आहे. त्याच्या आत श्याम रात्रीमागून रात्र सोबत्यांना ‘मी’ म्हणून आईच्या आठवणी सांगतो. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. दोघे एकच, पण एक धामणगाव आणि कावाखाना भोगलेला, दुसरा लिहितावाचता पांढरपेशा. श्यामपुढे श्रद्धाळू सोबती आहेत; दगडूपुढे मात्र त्याचेच बदललेले रूप बसले आहे. म्हणून पहिल्या चौकटीत सांगणे सांत्वन होते आणि दुसरीत ते जाब विचारणे होते. दोहोंत अंतर मिळाले, पण ‘मी’ची साक्ष सुटली नाही.

३

प्रथमपुरुषाचे अनेकवचनही येथे ध्यानात घेतले पाहिजे. मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. हिंदीतील ‘हम’ आणि बंगालीतील ‘आमरा’ हा भेद करीत नाहीत. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या नावातील ‘आम्ही’ संसाराचे आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी न्यायमूर्ती आहेत. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मधील ‘आम्ही’ एका समाजाचे, विशेषतः त्यातील स्त्रियांचे आहे, आणि बाहेरच्या वाचकाला आपण बाहेर असल्याची जाणीव ते करून देते. हिंदी किंवा बंगालीत उतरताना ही वगळणूक सर्वनामाकडून मिळत नाही; ती अनुवादकाला वाक्याच्या घडणीतूनच राखावी लागते.

तेव्हा निवड करण्यापूर्वी एक साधी कसोटी लावून पाहावी. आठवणीतील एकच प्रसंग दोन्ही पुरुषांत लिहावा आणि कोणती वाक्ये मोडतात ते पाहावे. ‘असेन’, ‘आठवत नाही’, ‘कोणी सांगितले असेल’ ही वाक्ये गळून पडत असतील, तर तृतीयपुरुषाची किंमत आपण सत्याच्या रूपाने मोजत आहोत. आणि ‘मी’ म्हणताच लेखणी अडत असेल, तर सर्वनाम बदलण्याआधी हे सर्व कोणाला सांगावयाचे आहे, याचा शोध घ्यावा.